तिसरीतल्या मुलांचा गृहपाठ नीट नसेल तर तुम्ही नेमकं काय करता?

नवी_टीचर

नमस्कार सगळ्यांना. गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते, नोकरीचं हे दुसरं वर्ष. तिसरी-चौथी एकाच खोलीत माझ्याकडे, पट १९. प्रश्न साधा वाटेल, पण गेले आठ दिवस डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे विचारते.

गृहपाठाच्या वह्या येतात त्यातल्या सात-आठ तरी बघवत नाहीत. कोणी प्रश्न सुंदर उतरवलेत पण उत्तरं नाहीत, कोणी अर्ध्या ओळीवर पेन्सिल ठेवून दिलीय, एकाची वजाबाकीची दहाच्या दहा गणितं चूक, आणि एक मुलगा तर आठवड्यातून दोनदा "टीचर, वही घरा उरली" म्हणतो. मी रागावते, समजावते, पुन्हा रागावते, फरक काही पडत नाही.

आता खरं सांगते काय झालं ते. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, सुट्टीत "आमची चवथ" ह्यावर दहा ओळी लिहून आणायला सांगितलेल्या. तिसरीतल्या एका मुलीने अडीच ओळी आणल्या. खोडून खोडून कागदाला भोक पडलेलं, कोपऱ्यावर हळदीचं बोट. त्या दिवशी चौथीचं गणित राहिलेलं, पाव-भाजी उशिरा आली, मुलं भुकेने चुळबुळत होती, माझं डोकं उठलेलं. मी लाल पेनने लिहिलं, "अक्षर घाणेरडे. पाच वेळा लिहून आण." आणि एवढ्यावर थांबले नाही, वही वर धरून वर्गाला दाखवली. मुलं हसली. ती काही बोलली नाही, वही घेतली आणि जागेवर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी पाच वेळा लिहिलेलं आलं. स्वच्छ, सरळ, वळणदार. तिचं अक्षर नव्हतंच ते. आणि माझा शेरा होता ते पान शिवणीपासून फाडून काढलेलं, धाग्याला फक्त कागदाचा एक दाता उरलेला. ही मुलगी रोज सकाळी माझी ओढणी धरून "टीचर काल काय जालें सांगूं?" म्हणायची. त्या दिवसापासून वर बघत नाही.

आमच्या शाळेतले एक सीनियर म्हणतात इतकं मनाला लावून घ्यायचं नाही, थोडा धाक नसेल तर डोक्यावर बसतील. डीएलएडला (शिक्षक पदविकेला) पाठाचं टाचण कसं काढायचं ते शिकले, पण समोर अशी वही आली की त्या मिनिटाला काय करायचं हे कोणी सांगितलंच नव्हतं. तुम्ही काय करता? शेरा काय लिहिता? परत करून घेता का? आणि मी जे करून बसलेय ते आता सावरायचं कसं?

डिचोलीचा_मास्तर

बाय, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. उद्या शाळेत गेलीस की तिच्याजवळ जाऊन बस आणि सांग, "मी वही सगळ्यांना दाखवली ते माझं चुकलं." एवढंच. पण-बिण काही लावू नको, "पण तू सुद्धा नीट लिहायला हवं होतंस" असं म्हणालीस की माफी संपली. आणि जमलं तर वर्गासमोर म्हण, कारण हसले होते ते वर्गासमोर. मी ३४ वर्षं शिकवलं, त्यातली पहिली दहा वर्षं मी पट्टीवाला मास्तर होतो, मुलांची माफी मागायला मला फार उशीर लागला. मास्तरने चूक कबूल केली म्हणून मुलं डोक्यावर बसली असं मी एकदाही बघितलं नाही.

आता वहीचं. मला वही वाचायला एका मुलाने शिकवलं. खाणपट्ट्यातली शाळा आमची, बहुतेक घरात ट्रक नाहीतर खाणीवर नोकरी. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद पडल्या. तोपर्यंत ज्या मुलाची वही मी दुसऱ्यांना नमुना म्हणून दाखवायचो, त्याची वही दिवाळीनंतर बिघडायला लागली. ओळी उतरत्या, अक्षर मोठं मोठं होत गेलेलं, कधी कधी एक ओळ दुसरीवर चढलेली. मी दोनदा रागावलो, एकदा मधल्या सुट्टीत बसवून घेतलं. मग एका संध्याकाळी त्यांच्या वाड्यावरून येत होतो तर हा पोरगा पसऱ्याच्या (किराणा दुकानाच्या) पायरीवर बसून लिहितोय, दुकानाच्या बल्बच्या उजेडात, वही मांडीवर. बापाचा ट्रक दारात उभा, बँकेचा हप्ता थकलेला, घरात रोज भांडण, आई दुसरीकडे कामाला जायला लागलेली. पोरगा भांडण ऐकू येऊ नये म्हणून बाहेर येऊन अभ्यास करायचा. म्हणजे मी ज्याला आळशी समजून बसवून ठेवत होतो तो वर्गात सगळ्यात जास्त कष्ट करून गृहपाठ आणत होता. अक्षर उतरतं का होतं तर मांडीवर वही धरल्यावर ती उतरतेच.

त्यानंतर मी एक नेम केला. खराब वही आली की पहिल्यांदा स्वतःला विचारायचं, ह्याला येत नाही म्हणून असं झालं, की येतं पण करायला जागा-वेळ-उजेड-पेन्सिल नाही, की येतं, जागाही आहे, पण करावंसंच वाटत नाही. तिन्हीला औषध वेगळं. येत नाही त्याला "परत लिही" सांगून काय होणार, चुकीचंच परत लिहील. जागा नाही त्याला शाळेतच अर्धा तास दे, मी साडेबाराला सुटल्यावर चार-पाच जणांना थांबवून घ्यायचो, शिक्षा म्हणून नव्हे, खोली उघडी आहे बस आणि कर म्हणून. आणि करावंसं वाटत नाही त्यात निम्म्या वेळा दोष गृहपाठाचा असतो, मी स्वतः दिलेले "धडा उतरवून आणा" आठवले की आता वाईट वाटतं.

हे शोधायला फार काही लागत नाही. मुलाला शेजारी बसवून वही उघडायची आणि "हे कुठे बसून केलंस?" विचारायचं. "का नाही केलंस?" विचारलं तर मुलं "विसरलों" म्हणतात, ते सगळ्यात सोपं उत्तर. "कुठे बसून, कोण होतं जवळ, कुठपर्यंत सोपं गेलं" असं विचारलं की बोलायला लागतात.

फोंड्याचा_बाबा

मॅडम, माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. माझा मुलगा चौथीत आहे. त्याच्या शाळेत गृहपाठ केला काय न केला काय कोणी विचारत नाही, टिचर सही मारतात आणि वही परत. मी विचारलं तर म्हणाल्या आता काही बोलता येत नाही मुलांना. मुलाला कळलंय की काही होत नाही. आम्ही शाळेत असताना पाढे चुकले तर हातावर बसायची आणि ते पाढे आज पण पाठ आहेत. मारा म्हणत नाही मी, पण सगळं प्रेमाने प्रेमाने करून मुलं शिकतात ह्यावर माझा विश्वास नाही. खराब काम खराब आहे हे कोणीतरी सांगायला पाहिजे ना? पाच वेळा लिहायला लावलं त्यात एवढं काय चुकलं?

वास्कोची_बाई

बाबा, तुमच्या अर्ध्या बोलण्याशी मी पूर्ण सहमत आहे. नुसती सही मारून वही परत देणं ही सगळ्यात वाईट गोष्ट, रागावण्याहून वाईट. मुलाने संध्याकाळ घालवून काहीतरी केलं आणि टीचरने ते वाचलंच नाही, हे मुलाला बरोबर कळतं, आणि मग तो पुढच्या वेळी कशाला मन लावून करेल. म्हणून खराब काम खराब आहे हे सांगायचंच. फक्त काय खराब आहे आणि आता काय करायचं ते सांगायचं, आणि ते त्याला एकट्याला सांगायचं.

मारण्याचं तर सोडूनच द्या. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला, त्याच्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. मानसिक छळ पण, हे बरेच जण विसरतात. वही वर धरून वर्गाला हसवणं कुठे जातं ते ताईंना कळलंच आहे म्हणून तर त्यांना झोप नाही, त्यांना आणखी बोलायला नको.

आता "पाच वेळा लिही" का चालत नाही ते सांगते. माझी शाळा वास्कोची, वर्गात निम्मी मुलं कामगारांची, घरात कन्नड बोलतात, काही हिंदी. एक मुलगा "गर" लिहायचा, "बात" लिहायचा. मी पहिल्या वर्षी त्याला "घर" दहा वेळा लिहायला लावलं. दहा वेळा घर लिहिलं आणि खालच्या वाक्यात परत गर. कारण त्याच्या कानालाच ते वेगळं ऐकू येत नव्हतं, घरातल्या बोलण्यात घ, भ, ध चा तो जोर जवळजवळ नसतोच. मग मी त्याला तोंडासमोर स्वतःचाच तळहात धरायला लावला आणि ग म्हण, आता घ म्हण. घ ला हाताला वारा लागतो. तो एवढा खूश झाला की मधल्या सुट्टीत सगळ्यांच्या तोंडासमोर हात धरून फिरत होता. दोन आठवड्यांनी "घर" बरोबर यायला लागलं. लिहिणं दुरुस्त झालं ते कान दुरुस्त झाल्यावर.

आणि ताई, तुमच्याकडे पेडण्यात मुलं कोंकणी बोलतात ना घरात? मग एक गोष्ट बघा. मुलगी बहिणीबद्दल लिहिते, "माझी ताई सातवीत आहे. ते काल म्हापशाला गेलें." तुम्ही "ते" वर लाल फुली मारणार. पण कोंकणीत लहान मुलीला, धाकट्या बाईमाणसाला "तें" च म्हणतात, "तें आयलें, तें गेलें". त्या मुलीने व्याकरण चुकवलेलं नाही, तिने घरचं व्याकरण मराठीत आणलंय. फुली मारली की तिला वाटतं आपण घरी बोलतो तेच चूक. मी फुली मारत नाही. मी मुलीला विचारते, "तुझ्या घरी ताईला काय म्हणतात? तें. बरोबर. पुस्तकातल्या मराठीत तिला ती म्हणायचं. आता आख्ख्या वहीत तूच शोध कुठे कुठे तें आहे." शोधायला मुलांना फार आवडतं.

तुमच्या त्या दहाच्या दहा वजाबाकी चुकलेल्या मुलाची वही मी बघितलेली नाही पण पैज लावते, त्याने ५२ वजा २७ चं उत्तर ३५ काढलं असणार. एककात २ मधून ७ जात नाही, मग त्याने ७ मधून २ काढले. आणि तीच युक्ती दहाही गणितांत. हे दहा चुका नाहीत हो, एक चूक आहे, आणि ती पण विचार करून केलेली. अशा मुलाला दहा फुल्या दिल्या की तो घरी सांगतो, मला गणित येत नाही. त्याला एकच गणित समोर बसून करू द्या आणि तोंडाने बोलत करायला सांगा, कुठे गाडी वळली ते अर्ध्या मिनिटात कळतं. मग दहाच्या जुड्या हातात द्या, एक जुडी त्यालाच सोडू दे. हातचा उसना घेणं म्हणजे काय ते जुडी सोडल्याशिवाय फळ्यावर नुसतं खोडून वर १२ लिहून मुलांना कधीच कळत नाही.

शेऱ्याबद्दल. रूथ बटलर म्हणून इस्रायलमधल्या संशोधक, त्यांनी पाचवी-सहावीच्या मुलांवर प्रयोग केला, १९८८ ला छापून आला. काही मुलांना कामावर नुसते गुण दिले, काहींना नुसता शेरा, काहींना दोन्ही. नुसता शेरा मिळाला त्यांचं पुढचं काम सुधारलं आणि आवडही टिकली. दोन्ही मिळाले त्यांना शेऱ्याचा तसा फायदा झाला नाही. मला हे वर्गात रोज दिसतं, १० पैकी ४ लिहिलं की मूल ४ बघतं, शेजारच्याचा आकडा बघतं आणि वही बंद. म्हणून गृहपाठाला मी आकडा देत नाही, आणि "छान", "सुधारणा हवी", "लक्ष दे" हे पण बंद केलं, कारण आठ वर्षांच्या मुलाला "सुधारणा हवी" वाचून करायचं काय असतं? एकच ओळ लिहिते आणि ती अशी की मुलाला लगेच करता येईल. "दुसऱ्या ओळीत तू पाऊस कसा आला ते लिहिलंस, मला डोळ्यासमोर दिसलं. आता शेवटी तुम्ही घरी कसे पोचलात ते एका ओळीत लिही." आणि ती ओळ लिहायला तिथेच, वर्गात, पाच मिनिटं द्यायची. वेळ नाही दिला तर शेरा वाया.

एक मात्र डिचोलीच्या सरांना सांगायचंय, सर तुम्ही मधल्या सुट्टीत बसवून घेतलं म्हणालात, मी ते कधीच करत नाही. ज्या मुलाचा घरी अभ्यास होत नाही त्याला घरी खेळायला पण बरेचदा मिळत नाही, धाकट्या भावंडाला सांभाळायचं असतं. त्याची तेवढीच सुट्टी असते.

डिचोलीचा_मास्तर

मान्य. त्या पोराच्या बाबतीत तीच चूक झाली माझी.

कळंगुटहून_आई

मी टीचर नाही, वाचत होते म्हणून लिहिते. मी हॉटेलात हाउसकीपिंगला आहे, सीझनला रात्री नऊ-साडेनऊ होतात घरी यायला. माझा मुलगा दुसरीत असताना त्याच्या वहीत दर आठवड्याला यायचं, "पालकांनी लक्ष द्यावे." सही करायची खाली. मी सही करायची आणि रडायची, खोटं नाही सांगत. लक्ष द्यावे म्हणजे काय करावे हो? मी शाळा सातवीत सोडली, मला धड्यातले निम्मे शब्द येत नाहीत, आणि मी पोचते तेव्हा पोरगा झोपलेला असतो, पाच वाजता उठवून अभ्यास घेतला तर शाळेत डुलक्या काढतो, त्याची पण चिठ्ठी येते.

शेवटी त्याला ट्युशनला घातलं, महिन्याचे पैसे द्यायचे. वही एकदम सुंदर व्हायला लागली. टीचरने व्हेरी गुड लिहिलं, स्टार दिला. आणि चवथीला गावी गेलो तेव्हा माझ्या दिराने त्याला आरतीच्या पुस्तकातली एक ओळ वाचायला सांगितली, एक अक्षर नाही आलं. ट्युशनवाली फळ्यावर लिहायची आणि सगळी पोरं उतरून घ्यायची. म्हणजे आधीची घाणेरडी वही खरी होती, ही सुंदर वही खोटी होती. टीचरना माझी विनंती आहे की घाणेरडी वही दिसते तशी ही पण दिसू दे तुम्हाला.

तिसरीत त्याला वेगळी टीचर मिळाली. तिने वहीत लिहिलं, "आई, तुम्ही रात्री येता हे मला माहीत आहे. रविवारी जेवताना त्याला वाणसामानाच्या पुड्यांवरची नावं वाचायला लावा, पाच पुरे." हे मला जमणारं होतं. मीठ, चहा, रवा, साबण सगळं वाचायला लागला. मग तोच म्हणायला लागला आणखी दे. त्या टीचरला मी देव मानते.

वास्कोची_बाई

आई, तुमचं हे मी आमच्या पालकसभेत वाचून दाखवणार आहे, चालेल ना? नाव कोणाचं येणारच नाही.

सुंदर वहीचं तुम्ही म्हणालात ते अगदी खरं. २०२० च्या लॉकडाऊनला गृहपाठाचे फोटो व्हॉट्सॲपवर यायचे, सत्तरी-सांग्याकडे मुलं रेंजसाठी डोंगर चढून जायची, आणि माझ्या मोबाईलवर यायचे ते फोटो एकसारखे वळणदार अक्षरातले. आयांचं अक्षर. रागवायचं कोणाला? आईला वाटलं मूल मागे पडेल. पण शाळा सुरू झाल्यावर तीच मुलं पेन्सिल मुठीत धरून बसलेली. तेव्हापासून मी पालकांना स्पष्ट सांगते, चुकलेलं असू दे, खोडू नका, मला त्याची चूक बघायची आहे, त्याची चूक हरवली तर मी शिकवू काय.

आणि गृहपाठ किती द्यायचा ह्याचंही लिहिते कारण मूळ दुखणं कधी कधी तिथेच असतं. केंद्राचं २०२० चं दप्तर धोरण आहे, त्यात दुसरीपर्यंत गृहपाठच द्यायचा नाही म्हटलंय, आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. आठवड्याला, दिवसाला नव्हे. लहान मुलांनी संध्याकाळी काय केलं, काय खेळले, काय जेवले ते वर्गात येऊन बोलावं असं त्यात सुचवलंय. आपण तिसरीच्या मुलाला रोज मराठी, गणित, परिसर अभ्यास आणि इंग्लिश असं चारही विषयाचं देतो आणि मग चारही अर्धवट आले म्हणून चिडतो. मी आता आठवड्यातून तीनदा देते, एका वेळी एकच. तपासायला मलाही झेपतं. आधी मी रात्री अकरापर्यंत फुल्या मारत बसायची आणि दुसऱ्या दिवशी त्या कोणी वाचायचं नाही. आता रोज पाच-सहाच वह्या नीट, मुलाला शेजारी घेऊन, बाकीच्यांवर नुसती नजर. आणि ज्या चुका पाच-सहा जणांनी केल्यात त्यातली एक फळ्यावर लिहायची, नाव न सांगता, आणि विचारायचं की हे असं कोणाला का वाटलं असेल? ज्याची चूक असते तोच बरेचदा हात वर करतो.

फोंड्याचा_बाबा

बाई, वाचलं सगळं. ५२ वजा २७ मुलाला आत्ता करायला दिलं. ३५ च काढलं त्याने. मी आजपर्यंत त्याला लक्ष नसतं तुझं म्हणून ओरडत होतो. आता जुड्या करून बघतो.

पण एक विचारतो, येतं, सगळं आहे, तरी करत नाही अशा मुलाचं काय? माझ्या पुतण्याला सगळं येतं, तो फक्त करत नाही.

डिचोलीचा_मास्तर

त्याच्याशी ठाम राहायचं. तिथे तुमचं बरोबर आहे. पण ठाम म्हणजे ओरडणं नव्हे, ठाम म्हणजे सोडून न देणं. "आज नाही केलंस, ठीक, उद्या सकाळी प्रार्थनेआधी माझ्या टेबलाजवळ बसून करायचं." आणि उद्या आपण स्वतः तिथे असायचं, आपण विसरलो तर खेळ संपला. मी अशा मुलांना काम कमी करून द्यायचो, दहाऐवजी तीनच गणितं, पण ती तीन झाल्याशिवाय सुटका नाही. हुशार मुलाला दहा सोपी गणितं म्हणजे शिक्षाच वाटते. कधी कधी अशाला म्हणायचो, तू गणितं तयार कर, मी सोडवतो. मास्तरला अडकवायचं म्हटलं की रात्री जागून गणितं बनवून आणायचे.

आणि नवी टीचर बाय, तुझं काय झालं पुढे? तीन दिवस काही लिहिलं नाहीस.

नवी_टीचर

सर, लिहायला उशीर झाला, सॉरी. सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं.

माफी मागितली. वर्गासमोर. आवाज कापत होता माझा. मुलं गप्प झाली. ती मुलगी बाकावरचं लाकूड नखाने कोरत राहिली, माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं काही उपयोग झाला नाही.

काल मधल्या सुट्टीनंतर चौथीला वाचन देऊन तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि म्हटलं लिहू नको, मला फक्त सांग चवथीला तुमच्या घरी माटोळीला (गणपतीच्या वर टांगतात त्या फळा-पानांच्या चौकटीला) काय काय बांधलं. दोन मिनिटं काहीच नाही. मग हळूच म्हणाली, "चिबूड." मग तोरिंग. मग कांगलां, कवंडाळ, सुपारीचं शिपटं (घोस), आंबाडे. मग ती थांबेचना. कुठलं फळ बाबा रानातून कुठून आणतात, कवंडाळ खायचं का नाही, आजी माटोळीला कुठची गाठ मारते, शिपटं सुटून आतेच्या डोक्यावर कसं पडलं. मी वीस तरी नावं मोजली, त्यातली सहा मला स्वतःला माहीत नव्हती. हे सगळं जिच्याकडे आहे ती अडीच ओळी आणते, का? तर तिला विचारलं, ही नावं का नाही लिहिलीस? म्हणाली, "पुस्तकात ना टीचर. बरोबर कशीं बरोवपाचीं म्हाका कळना." नावं बरोबर कशी लिहायची तेच तिला कळत नव्हतं, म्हणून खोडत बसली होती. कवंडाळ लिहून खोडलेलं, परत लिहिलेलं, परत खोडलेलं, त्याचं भोक होतं ते. आणि हळद चवथीची होती, आजीला स्वयंपाकात हळद काढून देताना लागलेली.

मी फळ्यावर "कवंडाळ" लिहिलं आणि वर्गाला सांगितलं हा शब्द आज आपल्याला हिने दिला. सगळ्यांनी आपापल्या घरची नावं सांगितली, फळा भरला, चौथीतली मुलं पण वाचन सोडून सांगायला लागली, मी पण सोडलं त्यांना. आज तिने सात ओळी आणल्यात. अक्षर तसंच आहे, वाकडं. एका ठिकाणी "आते बसलेलें, तें हासलें" आहे, त्याच्याखाली मी काहीच केलं नाही अजून, वास्कोच्या बाईंनी सांगितलं तसं सोमवारी तिलाच शोधायला लावीन. शेरा लिहिला, "शिपटं पडलं तेव्हा आजी काय म्हणाली ते लिही, मला ऐकायचंय." ओढणी अजून धरत नाही ती. पण आज जाताना दारात थांबून एकदा मागे बघितलं.

सीनियर सरांनी विचारलं चवथीचा धडा एवढे दिवस कशाला चालवलाय. मी सांगितलं सर, एक शब्द राहिला होता.

आता सोमवारी त्या वजाबाकीवाल्या मुलाला घेऊन बसायचंय, हो, ३५ च होतं उत्तर. बाई, जुड्या तुम्ही कशाच्या करता? शाळेत काड्या होत्या त्या वाळवीने खाल्ल्या.

वास्कोची_बाई

माडाच्या झावळीचे हीर घ्या, केरसुणीचे. बोटभर लांबीचे तुकडे करून टोकं घासून घ्या म्हणजे टोचत नाहीत. दहा-दहाची जुडी रबर लावून, आणि रबर सैल ठेवा, मुलाला स्वतःला सोडता आलं पाहिजे. सुटे वीस-पंचवीस वेगळे ठेवा, हरवतात. पाच जुड्या आणि दोन सुटे त्याच्यासमोर ठेवा आणि म्हणा, मला सत्तावीस दे. मग गप्प बसून बघा तो काय करतो.